पांढरी मूठ आणि बाभळीची मूठ



मागे इंदापूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा आला. तेवढ्यात एक ताई आत गेल्या आणि जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली एक सुरी घेऊन आल्या. पातं गंजलेलं, पण मूठ पांढरट पिवळी, हाताला गार, गुळगुळीत. सासूबाई वारल्यावर त्यांची ट्रंक आवरताना तळाशी सापडली म्हणाल्या.

गावात जुनी भांडी, जुनी नाणी घेणारा एक माणूस आला होता. त्याने मूठ पाहिली आणि सांगितलं, "हा हस्तिदंत आहे, चांगले पैसे देतो, पण कुणाला बोलू नका." ताईंच्या डोक्यावर गटाचं कर्ज होतं. त्यांनी आम्हाला सरळ विचारलं, "विकू का? आणि विकायची तर तो कुणाला बोलू नका का म्हणतो?"

आम्ही त्यांना तिथेच एवढंच म्हणालो, की आत्ता विकू नका. बाकीचं सगळं नीट समजून घेऊन सांगतो. ते आज सांगतोय. कारण असा चाकू, फणी, डबी किंवा सोंगटी आपल्यातल्या आणखी कुणाच्या ट्रंकेत असू शकते.

हा दात आहे तरी काय?

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. बाहेर दिसतात ते सुळे म्हणजे हत्तीचे वरचे पुढचे दात. ते जन्मभर वाढत राहतात. आपल्याकडच्या हत्तिणींना बाहेर दिसणारे सुळे सहसा नसतात. काही नरांनाही नसतात, त्यांना मखना म्हणतात.

सुळ्याचा साधारण एक तृतीयांश भाग कवटीच्या आत रुतलेला असतो, आणि मुळाशी तो पोकळ असतो. त्यामुळे जिवंत हत्तीचा पूर्ण सुळा काढून घेता येत नाही. शिकारी पूर्ण सुळ्यासाठी हत्ती मारतो. पांढऱ्या मुठीची ही किंमत आधी लक्षात ठेवूया, पैशाची नंतर बघू.

मुठीला हस्तिदंत का वापरायचे?

हस्तिदंत लाकडापेक्षा जड आणि घट्ट असतो, पण दगडासारखा ठिसूळ नसतो. करवतीने कापता येतो, कानशीने घासता येतो, बारीक कोरीव काम धरतो. घामेजल्या हातातून काचेसारखा निसटत नाही, कारण थोडा ओलावा तो शोषून घेतो. म्हणून कट्यार, खंजीर, राजेरजवाड्यांच्या सुऱ्या यांच्या मुठीला तो बसवत. इंग्रजी अमलात साहेबांच्या जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्यांनाही हस्तिदंती मुठी असत. इंग्लंडमधलं शेफील्ड हे गाव अशा सुऱ्यांसाठी नावाजलेलं होतं.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम फार जुनं आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावी सातवाहन काळातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही तशीच सापडली. आणि त्यांच्याच जातकुळीची एक मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या उत्खननात निघाली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी हे काम समुद्रापार पोचलं होतं. अशा मूर्ती आरशाची मूठ किंवा लाकडी सामानाचा पाय म्हणून वापरत असाव्यात, असं अभ्यासक सांगतात.

कारागीर काम कसं करायचे, तेही सांगतो, कारण त्यातली काही रीत आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे. सुळ्याच्या पोकळ भागाच्या गोल चकत्या कापून बांगड्या करत. टोकाकडचा भरीव भाग मुठी, सोंगट्या, मूर्ती यांना ठेवत. कापताना आणि घासताना तो पाण्याने ओला ठेवत, कारण तापला की तडकतो. आधी जाड कानस, मग बारीक कानस, मग धारदार पात्याने खरवडणं. त्यानंतर ओल्या फडक्यावर खडूची बारीक पूड घेऊन चोळायचं, आणि शेवटी नुसत्या कोरड्या मऊ कापडाने. झिलई वरून फासलेली नसे, ती चोळून चोळून आतून आणलेली असे.

आपल्या भागात ऊसतोडीला येणाऱ्या तांड्यावरच्या लमाण भगिनी तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्यातल्या जुन्या पिढीच्या बाया दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या भरतात. पूर्वी त्या हस्तिदंताच्या किंवा हाडाच्या असत, आता प्लॅस्टिकच्या असतात. रूप तेच, मान तोच, आणि त्यासाठी हत्ती मरत नाही.

बंद का झालं?

आफ्रिकेत १९७९ च्या सुमारास अंदाजे १३ लाख हत्ती होते. दहा वर्षांत ते सुमारे ६ लाखांवर आले. आपल्याकडे सुळे फक्त नरांना, म्हणून शिकारी नरच मारत. केरळातल्या पेरियारच्या जंगलात अशी वेळ आली, की शंभर माद्यांमागे एखादाच मोठा नर उरला. कळपात नर नसेल तर पिल्लं कुठून येणार?

म्हणून कायदा कडक होत गेला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. १९७७ मध्ये हत्ती त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण मिळालेल्या प्राण्यांत. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला. तेव्हा काहीजण म्हणायला लागले, की आमचा माल आफ्रिकेचा आहे. १९९१ मध्ये तोही बंद झाला. व्यापारी कोर्टात गेले. १९९७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. हजारो वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या मॅमथ हत्तीच्या दातालाही ती लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

आज हस्तिदंत विकणं गुन्हा आहे आणि विकत घेणंही गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद. दंड कमीत कमी २५ हजार रुपये. वस्तू सासूची होती, आजेसासूची होती, म्हणून विकायला मोकळीक मिळत नाही. तो माणूस "कुणाला बोलू नका" का म्हणाला, याचं उत्तर इथे आहे. तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात असतो. नाव आणि पत्ता मात्र ताईंचा राहतो.

सांबरशिंगाचंही असंच. दुखऱ्या भागावर उगाळून लावायला त्याचा तुकडा अनेक घरांत असायचा, आणि त्याच्या मुठीच्या सुऱ्याही असत. त्याची खरेदी-विक्री चालत नाही. आपल्या सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात किंवा कडबनवाडीच्या माळावर दिसणाऱ्या चिंकाऱ्याची शिंगंही तशीच. रानात पडलेलं सापडलं तरी उचलून घरी आणायचं नाही.

घरात असं काही सापडलं तर

पहिली गोष्ट, घाबरू नका. पांढरी दिसणारी प्रत्येक मूठ हस्तिदंताची नसते. उजेडात नीट पाहा. हाडाच्या मुठीवर बारीक काळपट ठिपके किंवा छोट्या रेघा दिसतात. जित्या हाडात रक्त वाहायचं, त्या नळ्यांच्या त्या खुणा. हस्तिदंतावर तसे ठिपके नसतात. मुठीच्या कापलेल्या टोकावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. आणि सगळीकडे अगदी एकसारख्या समांतर रेघा असतील तर ती बहुधा नकली, सेल्युलॉइडची मूठ. गेल्या शतकात अशा मुठी भरपूर निघाल्या.

काहीजण सुई लाल करून टोचायला सांगतात. ते अजिबात करू नका. सेल्युलॉइड भसकन पेट घेतं.

दुसरी गोष्ट, शंका असेल तर वस्तू विकू नका, भेट म्हणून कुणाला देऊ नका, कापू नका, आणि पिशवीत घालून गावोगाव दाखवत फिरू नका. फोटो काढून ठेवा. वस्तू कुणाची होती, कधी आणि कशी सापडली, हे एका कागदावर लिहा.

तिसरी गोष्ट, वनविभागाला कळवा. बारामती आणि इंदापूर दोन्हीकडे वनपरिक्षेत्र अधिकारी बसतात. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ज्यांच्याकडे मालकीचं प्रमाणपत्र होतं, त्यांच्या वारसांनी वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद द्यायची असते. अशी वस्तू ठेवायची नसेल तर सरकारजमा करता येते, मात्र तिचा मोबदला मिळत नाही. आणि प्रमाणपत्र कधी काढलेलंच नसेल तर? २००३ साली सरकारने घरातल्या वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती. ती केव्हाच संपली. अशा वेळी आधी वकिलाचा सल्ला घ्या आणि मग अर्ज करा.

वकिलाची फी कुठून आणायची, असं म्हणाल. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. बाईला तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते, मग तिचं उत्पन्न कितीही असो. हा तुमचा हक्क आहे. दोघी-तिघी मिळून जा, म्हणजे धीर राहतो.

आपल्या हातातली मूठ

आता आपल्याकडे वळू. हस्तिदंती मूठ हातात आली नाही म्हणून आपलं काही अडलेलं नाही. पण खुरप्याची, विळ्याची, कोयत्याची मूठ वाईट असली की सगळं अडतं. मूठ हलली की पातं फिरतं आणि बोट जातं. मूठ जाड असली की दिवसभराच्या खुरपणीनंतर मनगट धरतं. खडबडीत असली की तळहाताला फोड येतात. बाजारातल्या बऱ्याच मुठी पुरुषाच्या हाताला बसतील अशा केलेल्या असतात, आणि खुरपणीला बसतो आपण.

म्हणून मूठ घरीच करून बघा. लाकूड बाभळीचं घ्या, तेही आतलं गडद रंगाचं. ते चिवट असतं आणि लवकर किडत नाही. मात्र नुकतं तोडलेलं ओलं लाकूड घेऊ नका. ते वाळताना आकसतं, चिरतं आणि पातं सैल होतं. तुकडे कापून दोन्ही टोकांना मेण लावा आणि काही महिने सावलीत वाळवा. टोकं झाकली नाहीत तर पाणी तिथूनच आधी उडतं आणि चिरा पडतात. लाकडाचे धागे मुठीच्या लांबीच्या दिशेने आले पाहिजेत. आडवे आले तर मूठ जोरात मोडते.

माप आपल्याच हाताचं घ्या. मुठीभोवती बोटं गुंडाळली की अंगठा मधल्या बोटाच्या टोकाला लागला पाहिजे. चारही बोटं मावून वर एखादं बोट जागा उरावी, एवढी लांबी. पोट थोडं फुगीर आणि शेवटचं टोक किंचित जाड ठेवा, म्हणजे ओढताना हात घसरत नाही.

पातं बसवायचं काम लोहाराकडून करून घेतलं तरी कसं व्हायला हवं, हे आपल्याला माहीत असावं. पात्याचं मागचं निमुळतं टोक जेवढं जाड, त्याहून भोक थोडं बारीक हवं. मुठीच्या तोंडाशी लोखंडाची किंवा पितळेची शेंबी आधी घट्ट बसवायची. शेंबी नसेल तर पातं ठोकताना लाकूड फाटतं. पात्याचं टोक तापवून भोकात दाबलं की ते आपली जागा जाळून करून घेतं. जुनी रीत अशी, की भोकात लाखेची आणि विटेची बारीक पूड भरायची आणि तापलेलं टोक आत दाबायचं. लाख वितळते, गार झाली की धरून ठेवते. पूर्ण गार होईपर्यंत हलवायचं नाही. अशी मूठ गरम पाण्यात किंवा चुलीजवळ ठेवली तर लाख मऊ होऊन पातं पुन्हा सैल होतं.

यानंतरचं काम आपलं, आणि हस्तिदंताच्या कारागिराची रीत इथे कामी येते. जाडाकडून बारकाकडे जायचं, मधली पायरी गाळायची नाही. आधी कानस. मग काचेच्या तुकड्याच्या धारेने खरवडायचं, हाताला जाड फडकं गुंडाळून. मग पॉलिशपेपर ८० नंबर, १२०, २२०. घासायचं ते धाग्याच्या दिशेने. आडवं घासलं तर ओरखडे राहतात. आता ओल्या फडक्याने मूठ पुसा आणि वाळू द्या. लाकडाचे बारीक केस उभे राहतील. ते पुन्हा २२० ने काढा. असं दोनदा केलं, की घामाने ओली झाली तरी मूठ खरखरीत होत नाही. ही पायरी बहुतेक जण सोडतात, आणि फोड इथूनच येतात.

शेवटी जवसाचं तेल. पातळ हात लावायचा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं तेल पुसून काढायचं, दोन दिवस वाळू द्यायचं. असे तीन-चार हात. जवसाचं तेल लाकडात जाऊन सुकतं. शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, चिकट राहतं आणि त्याला वास येतो. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. फडकी बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका. आणि काचेसारखी चमक आणायच्या नादी लागू नका. देव्हाऱ्यातली डबी चमकू दे, कामाची मूठ हाताला धरली पाहिजे.

कुणी म्हणेल, हाडाची किंवा म्हशीच्या शिंगाची मूठ करू का? उत्तर प्रदेशात संभळला शिंगाचं आणि हाडाचं काम चालतं. हस्तिदंत बंद झाल्यावर अनेक कारागीर हाडाकडे आणि चंदनाकडे वळले. शिंग तापवलं की मऊ होऊन वाकतं. ते आपल्या नखासारखं असतं, दातासारखं नाही. पण दोन गोष्टी पाळा. घासताना पाण्याने ओलं ठेवा आणि नाकाला फडकं बांधा, कारण त्याची धूळ छातीत बसते. आणि कशाने मेलं ते माहीत नाही अशा जनावराचं हाड किंवा शिंग घरात आणू नका. काळपुळीचे जंतू वर्षानुवर्षं टिकतात आणि माणसालाही होतात.

त्या ताईंचं काय झालं?

ताईंनी सुरी विकली नाही. तो माणूस दोनदा आला, दुसऱ्यांदा भाव वाढवून आला. ताईंनी त्याला सांगितलं, "आम्ही अर्ज दिलाय, तिकडेच बोला." तो पुन्हा फिरकला नाही. गटातल्या दोघी सोबत घेऊन ताई आधी विधी सेवा समितीत गेल्या, मग फोटो आणि अर्ज घेऊन वनविभागात. पुढे तिथल्या माणसांनी सुरी पाहिली. मूठ हाडाची निघाली. बारीक काळे ठिपके होतेच, आपलं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

म्हणजे तो माणूस एक तर फसलेला होता, नाहीतर फसवत होता. पण हस्तिदंत म्हणून व्यवहार झाला असता आणि पुढे कुठे पकडला गेला असता, तर चौकशी ताईंच्या दारात आली असती. कर्जाचं म्हणाल तर गटाने बसून हप्ता लहान करून दिला. सुरी पुन्हा त्याच धडप्यात आहे. सासूबाई तिने सुपारी कातरायच्या, असं धाकट्या जावेला आठवलं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना आपापलं खुरपं घेऊन या. पातं धरून मूठ हलवून बघा. ज्या हलतील त्या बाजूला काढा, आणि वाळलेली बाभळ कुणाकडे आहे ते वहीत लिहा. आणि गावात जुन्या वस्तू घेणारा येऊन कानात बोलायला लागला, तर त्याला गटाच्या बैठकीत चार बायांसमोर बोलायला सांगा.